पाहिजे: रक्ताचा पुरुष माणूस

अन्याय माझ्या नवऱ्यावर झाला. नागपंचमीच्या आदल्या दिवशी, सोमवारी, सकाळी साडेअकरा वाजता, कोल्हापुरातल्या एका सार्वजनिक रुग्णालयाच्या सात नंबरच्या खिडकीवर. वेळ मला नेमकी ठाऊक आहे, कारण खिडकीतल्या कारकुनानं चहाला उठण्यापूर्वी मनगटावरचं घड्याळ बघितलं, आणि त्याच्याबरोबर मीही बघितलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नवरा अठ्ठावीसचा, मी पंचवीसची. तो एका छापखान्यात खिळे जुळवायचा, म्हणजे शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळी लावायचा. मी कामगार बायकांच्या संघटनेसाठी पत्रकं लिहायचे. ओळख त्या पत्रकांमुळंच झाली. मी लिहायचे, तो जुळवायचा आणि जुळवता जुळवता माझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचा. तीन महिने माझ्या चुका काढून झाल्यावर म्हणाला, "आता घरी बसून काढत जाईन म्हणतो." मी हो म्हटलं.

त्या पावसाळ्यात त्याच्या डाव्या किडनीत मूतखड्यानं पू झाला. डॉक्टर म्हणाले, ही किडनी संपली, काढून टाकायची, आणि लवकर काढायची. खासगी दवाखाना आमच्यासाठी नव्हताच. त्याची मजुरी कामाच्या दिवसापुरती, माझी कमाई साड्यांना फॉल लावण्यापुरती. सार्वजनिक रुग्णालयात मोठी ऑपरेशनं मंगळवारी आणि शुक्रवारी व्हायची. आमचा नंबर मंगळवारचा लागला. आता फक्त कागद पुरा करायचा होता.

फॉर्मवर नवऱ्यानं स्वतःची सही केली होती. त्याखाली एक रिकामी रेघ होती: 'जबाबदार नातेवाईक'. मी तिथं सही ठोकली. कारकुनानं फॉर्म उलटा केला, सुलटा केला आणि परत सरकवला.

"सही चालत नाही."

"का? पेन हिरवं आहे?"

"बाईमाणसाची चालत नाही. घरचा कुणीतरी पुरुष माणूस आणा."

"मी बायको आहे त्याची."

"मग मी तरी काय म्हणतोय?"

मी त्याला अख्खा फॉर्म मोठ्यानं वाचून दाखवला, पुढून आणि मागून. 'पुरुष' हा शब्द कुठंच नव्हता. तो शांतपणे म्हणाला, "फॉर्मात नसतंय ते. पद्धतीत असतंय. उद्या काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण?"

"बरंवाईट झालं तर तुम्ही येणार आहे काय माझ्याकडं भाकरी थापायला?"

रांगेतली माणसं हसली. कारकून हसला नाही. त्यानं लाल पेनानं माझी सही खोडली, फॉर्म ठेवून घेतला आणि घड्याळ बघून चहाला गेला.

मी छापखान्याच्या मालकांना घेऊन आले. साठीचे, डोळ्यांत मोतीबिंदू, पण पुरुष. कारकून म्हणाला, "रक्ताचा पाहिजे." मालक म्हणाले, "मग काढा की बाटलीभर!" तेही चालत नव्हतं. भाऊ, चुलता? माझा नवरा एकुलता एक, त्याचे वडीलही एकटेच. वडील? कारकुनानं रजिस्टर काढलं. तिथं लिहिलं होतं: वडील मयत.

हे मयत प्रकरण माझंच कर्तृत्व. मी बौद्ध घरातली, तो मुरगूडच्या शेतकऱ्याचा मुलगा. नोंदणी पद्धतीनं लग्न करून आम्ही त्याच्या घरी गेलो तेव्हा सासरा उंबऱ्यात उभा राहिला. आमच्या वस्तीतल्या माणसाच्या हातचं पाणी त्या घरात चालत नव्हतं, मग सून कशी चालणार? तो आम्हा दोघांना म्हणाला, "आमी मेलो म्हनून समजा," आणि दार लावून घेतलं. पुढं तीन वर्षं पत्र नाही, निरोप नाही. म्हणून रुग्णालयात भरती करताना कारकुनानं "वडील?" असं विचारलं, तेव्हा मी फणकाऱ्यानं म्हणाले, "मेले असं समजा." समजा हा शब्द सरकारी रजिस्टरात मावत नाही. त्यानं मयत लिहिलं.

तर मंगळवार हुकला. शेजारच्या खाटेवर गडहिंग्लजकडचा एक पेशंट होता, त्याची म्हातारी आई मला अक्का म्हणायची. ती म्हणाली, "अगं अक्का, बरंच झालं की! पंचमीला आमी भाजीसुदिक चिरत न्हाई, आन् तू नवरा चिराय निघालतीस."

नवरा तापानं लाल झालेला होता, तरी हसला. मग मला म्हणाला, "मुरगूडला जा. दीड तासाची एसटी."

"नाही जाणार. ज्यानं तोंडावर दार लावलं त्याच्या दारात जाऊन अंगठा मागू?" सासऱ्याला लिहिता येत नव्हतं.

"मग काय करणार आहेस?"

"पत्रक काढणार."

त्यानं डोळे मिटून घेतले. "काढ. पण शुद्ध लिही."

आता कबुली देते. त्या पत्रकाला मला जेवढा वेळ लागला, त्यात मुरगूडला दोनदा जाऊन येता आलं असतं. पण मला तेव्हा वाटायचं की जगातली कुठलीही खिडकी चांगल्या मथळ्यानं उघडते. सोमवारी दुपारी वॉर्डच्या पायरीवर बसून मी लिहिलं. नावं टाकली नाहीत, हकीकत मात्र सगळी टाकली: मुरगूडचा तरुण, छापखान्यात कामाला, डावी किडनी निकामी, बायकोची सही नामंजूर. वर ठळक मथळा दिला: 'रुग्णालय प्रशासनाचा जाहीर निषेध!' मालक म्हणाले, तुझ्या नवऱ्यासाठी मी स्वतः जुळवतो. त्यांचा मोतीबिंदू आणि माझं अक्षर अशी गाठ पडली. प्रूफ तपासणारा माणूस वॉर्डात ताप अंगावर घेऊन पडलेला. मंगळवारी सकाळी ओल्या शाईचा गठ्ठा उचलून मी तडक एसटी स्टँड गाठलं.

लोक माझी पत्रकं कशी घेतात ते मला माहीत होतं. घेतात, घडी घालतात आणि पुढच्या खांबापाशी सोडून देतात. त्या दिवशी मात्र लोक वाचत होते. थांबून वाचत होते. एकमेकांना दाखवत होते. मला वाटलं, जनता जागी झाली. पन्नास-साठ पत्रकं वाटून झाल्यावर पानाच्या गादीवरचा माणूस म्हणाला, "ताई, नुसता कागूदच वाटताय व्हय? माल कुठाय?"

मी मथळा वाचला. 'रुग्णालय प्रशासनाचा जाहीर निरोध!'

निषेधाचा निरोध झाला होता. जो शब्द तेव्हा प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाखाली रंगवलेला असायचा, तोच. उद्गारचिन्हासकट. उरलेला गठ्ठा पिशवीत कोंबून मी पळाले. पानवाला मागून ओरडला, "अवो ताई, एक ऱ्हाऊ द्या की इथं, गिऱ्हाइकाला दावतो!"

नवऱ्यापासून लपवायचं ठरवलं होतं. पण त्याला शाईचा वास लांबून येतो. त्यानं कागद ओढून घेतला आणि आधी धंद्याच्या नजरेनं म्हणाला, "मालकांनी जुळवलं न्हवं? समास वाकडा गेलाय." मग मथळ्याशी आला. एवढा हसला की सिस्टर धावत आली. तिनंही वाचलं. संध्याकाळपर्यंत पत्रक बायकांच्या वॉर्डात पोचलं होतं. सात नंबरच्या खिडकीवर कसलाही परिणाम झाला नाही.

बुधवारी हसू संपलं. ताप उतरेना. मोठे सर्जन राउंडला आले, चार्ट बघितला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "शुक्रवार चुकवून चालणार नाही. पू रक्तात गेला तर आमच्या हातात काही राहत नाही. कागद का अडलाय?" मी सांगितलं. ते म्हणाले, "ते ऑफिसचं काम, मी त्यात पडत नाही. पण शुक्रवारी सकाळी फाईल पुरी पाहिजे." चांगला माणूस होता. चांगली माणसं कशात पडत नाहीत याची यादी करायला घेतली तर माझ्या सगळ्या पत्रकांचा कागद पुरायचा नाही.

त्या दिवशी मी हरले. नवऱ्याच्या कपाळावरची ओली पट्टी बदलताना ठरवलं: उद्या पहिल्या गाडीनं मुरगूडला जायचं. सासरा म्हणेल ते ऐकायचं, पाया पड म्हणाला तर पडायचं. आयुष्यभर दुसऱ्या बायकांना 'वाकू नका' असं सांगितलं होतं. पण वाकायचं नाही हा माझा बाणा, आणि पू त्याच्या पोटात, हा हिशेब मला पटेना.

गुरुवारी सकाळी पिशवी घेऊन वॉर्डचा जिना उतरत होते आणि खालून सासरा चढत होता. पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी, पिशवीत स्वतःचा पाण्याचा तांब्या. तीन वर्षांनी समोर आला आणि पहिलं वाक्य काय बोलला?

"मला मारून ठेवलंस म्हनं कागदावर?"

हे कळलं कसं ते नंतर उलगडलं. स्टँडवर कुणा मुरगूडकरानं माझं पत्रक घेतलं होतं. निषेध असता तर त्यानं ते तिथंच शेंगदाण्याच्या टरफलांत टाकलं असतं. निरोध होता म्हणून चार माणसांना दाखवायला घरी नेलं. बुधवारी संध्याकाळी ते गावातल्या सलूनमध्ये पोचलं. मथळ्यावर सगळे पोट धरून हसले, आणि हसून झाल्यावर एकानं खालचं मोठ्यानं वाचलं. खुर्चीत तोंडाला साबण लावून सासरा बसला होता. मुरगूडचा तरुण, छापखान्यात कामाला, हे ऐकल्यावर तो अर्ध्या दाढीनं उठला. पत्रकात मी हेही लिहिलं होतं की वडिलांच्या रकान्यात मयत लागल्यानं रक्ताचा पुरुष उरलेला नाही. ते ऐकून दुसरा कुणी असता तर भडकला असता. हाही भडकलाच. पण सकाळच्या पहिल्या एसटीत बसून भडकला.

"मामा, तुम्हीच म्हणाला होता, मेलो म्हणून समजा," मी म्हणाले. सासऱ्याला मामा म्हणायचा तो माझा पहिलाच दिवस.

"म्हनलो आसंन. लिव म्हनलोतो काय?" तो म्हणाला. "चल, कुटं हाय ती खिडकी?"

सात नंबरला मोठी रांग होती. सासरा रांग मोडून पुढं गेला. आवाज शेतात बैलाला हाक मारायचा. "मी त्याचा बा. काय पायजे?"

कारकुनानं रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं. "इथं मयत आहे."

"इथं जित्ता हाय. हात लावून बघा."

कारकुनानं बराच वेळ विचार केला. मयत स्वतः चालत आला तर काय करावं, याची पद्धत बहुधा नव्हती. शेवटी तो म्हणाला, "बरं, या रेघेवर सही करा." फॉर्म सरकवला.

"सही येत न्हाई. अंगठाबहाद्दर हाय."

"अंगठा चालतो." त्यानं शाईचं पॅड पुढं केलं.

सासऱ्यानं अंगठा पॅडवर टेकवला. उचलला. कागदावर आणला, आणि तिथंच थांबला. रेघेवर माझी सोमवारची सही होती, कारकुनानं लाल पेनानं खोडलेली. त्याला वाचता येत नव्हतं, पण खोडलेलं कळतं.

"ही कुणाची?"

"या बाईंची. ती चालत नाही."

"का?"

"बाईमाणूस आहे."

सासरा माझ्याकडं वळला. "किती शिकलीस गं?"

"बी. ए."

त्यानं काळा अंगठा कारकुनाच्या नाकासमोर धरला. "ह्यो अडान्याचा अंगठा. त्यात मयताचा. मेलेल्याचा अंगठा चालतोय, आन् जित्या बायकूची बीए झालेली सही चालत न्हाई व्हय रं?"

रांगेत जो काही हशा उसळला तो वरच्या मजल्यावर ऐकू गेला. मागून कुणीतरी ओरडलं, "मयताला म्होरं जाऊ द्या की राव!" एक बाई म्हणाली, माझी बी सही परवा खोडली याच मुडद्यानं. दुसरी म्हणाली, माझी बी. कारकुनाचा चेहरा पॅडसारखा झाला. त्यानं नवा कोरा फॉर्म काढला, वर वॉर्डात धाडून नवऱ्याची सही नव्यानं आणली आणि पेन माझ्यापुढं ठेवून म्हणाला, "करा बाई. करा आणि जा."

मी केली. पूर्ण नावानं, अक्षर लावून, अगदी सावकाश.

सासऱ्यानं अंगठा धोतराला पुसला. "आन् ते मयत खोडा."

"खाडाखोड चालत नाही. वरिष्ठांची परवानगी लागते."

"मग ऱ्हाऊ द्या," सासरा म्हणाला. "मेलेलाच बरा हाय. वसुलीला कोन येनार न्हाई."

शुक्रवारी ऑपरेशन झालं. तीन तास सासरा भिंतीला टेकून उकिडवा बसला, मी फेऱ्या मारत राहिले. सर्जन बाहेर आले, म्हणाले, वेळेत झालं. मग एका ट्रेमध्ये ती किडनी दाखवली, सुजलेली, गाठाळलेली. सासरा वाकून बघत म्हणाला, "रताळ्यासारखी दिसतीया." मला रडू यायचं होतं, ते तिथंच राहिलं.

त्यानंतर सुरू झाली हसण्याची शिक्षा. टाके कुशीपासून पोटापर्यंत होते. सिस्टरनं सांगितलं, खोकताना, हसताना उशी घट्ट धरायची. आमचा पेशंट सतत उशी धरून बसलेला. कुणी आलं की म्हणायचा, "थांबा, उशी घेतो, मग बोला." फुप्फुसं मोकळी व्हावीत म्हणून फुगे फुगवायला सांगितले होते. दिवसाला दहा. मी फुगेवाल्याकडून जत्रेतले फुगे आणले. नवरा एक फुगवून दमायचा. सासरा म्हणायचा, "हिकडं आन. आमच्या येळंला बकऱ्याची आतडी फुगवायचो आमी!" आणि स्वतःच दहाच्या दहा फुगवून टाकायचा. पेशंटची फुप्फुसं तशीच, खाट मात्र वाढदिवसाला सजवल्यासारखी.

सासरा बदलला, सुधारला असं मी लिहिणार नाही. पत्रकात खोटं लिहायची मला सवय नाही. तो आमच्याकडं महिनाभर राहिला आणि तो तांब्या स्वतःच भरून आणायचा, लांबच्या नळावरून. कँटीनचा चहा मात्र प्यायचा. म्हणायचा, "त्यो कुनी क्येलाय ठावं नसतंय, म्हनून चालतोय." मी नवऱ्याला 'अरे' म्हणते याचं त्याला लई वाईट वाटायचं. "नवऱ्याला अरं-तुरं, आन् सरकारला अहो-जाहो! उलटं कर की!" मी म्हणायचे, "मामा, सरकारलाही अरे-तुरेच करते. पत्रक वाचलं नाही का?" तो म्हणायचा, "ऐकलंय. त्यात सरकारला निरोध दिलाईस तू." खाटेवरचा उशी शोधायचा.

घरी आणताना आमच्या चाळीचा जिना आडवा आला. शेजारच्या तीन बायकांनी त्याला लाकडी खुर्चीत बसवून उचललं. चौथीनं पुढं जाऊन "वाट सोडा, म्हाराज आले" असा गिल्ला केला. रोज एकेका घरातून डबा यायचा. कुणाची मुगाची खिचडी, कुणाचं आळणी, म्हणजे तिखटाआधीचं मटणाचं सूप. दीड महिना वजन उचलायचं नाही म्हणून खिळ्यांचे जड खाने बंद. मग मालकांनी प्रूफं घरी पाठवायला सुरुवात केली, पडल्या पडल्या तपासायला. त्या दीड महिन्यात कोल्हापुरातल्या लग्नपत्रिकांत एकही चूक गेली नाही. अर्धी मजुरी घरात येत राहिली.

तिसऱ्या आठवड्यात एकदा सकाळी मी साडीला फॉल लावत बसले होते. सासरा आतून आला, तोंड पुसत, आणि म्हणाला, "भाकरी जाड थापतीस. कड कच्ची ऱ्हातीया."

मी आणि नवरा एकमेकांकडं बघत राहिलो. तोवर तो शेजारच्या घरी जेवायचा. यावर मी पत्रक मुळीच काढलं नाही. दुसऱ्या दिवसापासून भाकरी पातळ थापली. या विषयावर एवढीच माघार मी घेतलेली आहे.

नवरा आता एका किडनीवर ठणठणीत आहे. छापखान्यात खिळे गेले, संगणक आला. तो त्यावरही माझे ऱ्हस्व-दीर्घ काढतो. पण सात नंबरची खिडकी तिथंच आहे. आमच्या संघटनेतल्या बायका गेल्या वर्षीही तिथून परत आल्या, नवऱ्याचं ऑपरेशन अडलेलं, हातात खोडलेली सही. प्रत्येकीकडं असा सासरा नसतो, आणि प्रत्येक पत्रकात इतकी चांगली चूक होत नाही. खिडकीत माणूस बदलला, पद्धत तीच आहे, आणि ती कारकुनाच्या जिवावर टिकलेली नाही. बाईनं बोलावलं की धावत जाऊन मुकाट सही करणाऱ्या भावांच्या, दिरांच्या, चुलत्यांच्या जिवावर ती टिकली आहे. तुम्हाला वाटतं मदत केली. तुम्ही तिची सही खोडलीत.

तेव्हा पुरुष वाचकहो, तुमच्यापाशी मागणं आहे, आणि ते विनंतीच्या सुरात नाही. उद्या तुमची बहीण, वहिनी, सून सांगेल की दवाखान्यात सहीला पुरुष माणूस मागतायत, तेव्हा जा. हातातलं काम टाकून जा. खिडकीसमोर तिच्या शेजारी उभे राहा, पेन पुढं आलं की हात खिशात घाला, आणि तिची सही घेईपर्यंत तिथून हलू नका.